अब्राहम लिंकन आधी वकील होते आणि मग आमदार झाले, हे खरं आहे का?

नाही, क्रम उलटा आहे: लिंकन आधी आमदार झाले, वकिलीची सनद नंतर मिळाली. 1832 मध्ये ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधानसभेची निवडणूक हरले, 1834 मध्ये जिंकले आणि ती धरून सलग चार वेळा निवडून आले. सनद मिळाली सप्टेंबर 1836 मध्ये. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. 1860 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी दिलेल्या छोट्या आत्मवृत्तात ते सांगतात की 1834 च्या प्रचाराच्या काळात जॉन स्टुअर्ट या वकिलाने कायदा शिकायला सुचवलं, मग त्याच्याकडून पुस्तकं आणून एकट्याने अभ्यास केला. अधिवेशन सुरू झालं की पुस्तकं बाजूला, संपलं की पुन्हा हातात! (कॉलेज वगैरे काही नाही. तेव्हा तिकडे बहुतेक जण असेच वकील व्हायचे.) 1837 मध्ये ते स्प्रिंगफील्डला गेले आणि त्याच स्टुअर्टचे भागीदार झाले. न्यायाधीशाबरोबर घोड्यावरून किंवा बग्गीतून गावोगावच्या कोर्टांत फिरणारे लिंकन हे त्यानंतरचे.

मात्र तुमचा प्रश्न वॉशिंग्टनच्या काँग्रेसबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेबद्दल असेल, तर क्रम बरोबर आहे. नऊ-एक वर्षं वकिली केल्यावर 1846 मध्ये ते तिथे निवडून गेले, तेही एकाच मुदतीपुरते, 1847 ते 1849. आणि लिंकनना ‘खेड्यातला साधा वकील’ म्हणतात, तेही जरा जपूनच म्हणावं. इलिनॉय सेंट्रल रेल्वे त्यांची अशील होती आणि 5,000 डॉलर फीसाठी त्यांनी तिच्यावरच दावा लावून ती वसूल केली.