तार तीच, मग थंडीत जास्त वीज का नाही?

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेवरून तीस वर्षांपासून १३२ केव्हीची लाईन जाते. आता शेजारून दुसरी टाकायची म्हणून मोजणी झाली. बागेच्या चार ओळी जाणार म्हणतात. साहेब, निफाडला थंडीत पारा पाच-सहावर येतो. त्या गारठ्यात जुन्याच तारेतून जास्त वीज का नेत नाहीत? तारेची मर्यादा ठरते कशावरून?
— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, लाईनच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली, पण हा प्रश्न शेतकऱ्याकडून पहिल्यांदाच आला. फार मोलाचा आहे.

मर्यादा मुख्यतः झोळावरून ठरते, आम्ही त्याला सॅग म्हणतो. तारेतून जाणारा करंट आणि वरचं ऊन तिला तापवतात. वारा गार करतो, थोडी उष्णता ती स्वतः बाहेर टाकते. तापली की लांबते आणि खाली येते. एकदा मे महिन्यात दिंडोरीकडच्या एका स्पॅनला (दोन टॉवरमधल्या तारेला) सकाळी सातला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावला होता. दुपारी तीनला त्याच खुणेवर पाहिलं, तर तार हातभर खाली. झाडाचं पान हलत नव्हतं. १३२ केव्हीच्या तारेखाली जमिनीपासून किमान ६.१ मीटर मोकळं राहायलाच हवं, म्हणून हा हातभरही मोजावा लागतो.

तुमच्याकडे बहुधा ‘पँथर’ तार असेल. या तारांना प्राण्यांचीच नावं आहेत : डॉग, पँथर, झेब्रा, मूस. ३०० मीटरच्या स्पॅनमध्ये पँथर ३२ अंशांवरून ७५ वर गेली, तर झोळ साधारण दीड मीटरने वाढतो. त्यामुळे हिशेब करताना सगळं वाईटात वाईट धरतात : हवा ४५ अंश, डोक्यावर ऊन, वारा सेकंदाला जेमतेम ०.६ मीटर आणि तार ७५ अंशांवर. माझ्या आकडेमोडीत तेव्हा पँथरला ३८० अँपिअरच्या आसपास झेपतात. ऊन-हवा तीच ठेवून आडवा वारा फक्त २ मीटर केला, तर आकडा पावणेसहाशेच्या जवळ जातो! आणि तुमच्याकडची थंडीची रात्र, हवा १५ अंशच धरू, वारा पुन्हा ०.६ : जवळपास ७००. म्हणजे तुमचं म्हणणं खरं आहे.

अडचण वाऱ्याची आहे. लाईन वीस-तीस किलोमीटर असते. एखादा स्पॅन टेकडीच्या आडोशाला येतो, कुठे वारा तारेच्या दिशेनेच वाहतो आणि मग निम्माही गारवा मिळत नाही. सगळ्यात गरम स्पॅनवर सगळ्या लाईनची मर्यादा. शिवाय शेजारची लाईन ट्रिप झाली, म्हणजे बिघाडाने आपोआप बंद पडली, की तिचा भार हिच्यावर येतो आणि तार दहा-पंधरा मिनिटांत तापते. तार टिकली, तरी सबस्टेशनमधला सीटी (करंट मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर), जंपर (तारा जोडणारा तुकडा), जोड तेवढे सोसतील का, तेही पाहावं लागतं. रब्बीत मोटारींचा भार दिवसाही असतो, तेव्हा ऊनही हिशेबात घ्यायचं. आणि ९०-९५ अंशांच्या वर तार फार वेळ राहिली, तर ॲल्युमिनियम कायमचं नरम पडतं, ते परत येत नाही.

तरीही उन्हाळा आणि हिवाळा यांचे वेगळे आकडे काढता येतात. तारेवर यंत्र बसवून तिचं तापमान क्षणोक्षणी बघता येतं. जुन्याच टॉवरवर एचटीएलएस, म्हणजे जास्त तापूनही कमी लोंबणारी तार ओढता येते, फक्त टॉवर तपासून. उभी बाग तोडण्याआधी हे पर्याय कागदावर मांडायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

लेखी अर्ज करा आणि तीन गोष्टी विचारा : कंडक्टर (म्हणजे तार) कोणता, किती अंशांसाठी डिझाइन केलाय, आणि सीटी किती अँपिअरचा आहे. चौथी म्हणून एचटीएलएसचा विचार झाला का, तेही. तोवर त्या लाईनखाली मातीचा भराव टाकू नका, शेडनेटचे खांब उंच करू नका, आणि झोळ बघायला बांबू तर मुळीच वर धरू नका.