मोठा टर्बो टाकायच्या आधी

भाऊ, टर्बो (एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मोठा घेतला म्हणजे गाडी लगेच पळते असं नाही. टर्बोतलं मोठं चाक फिरायला वेळ लागतो. बंडीला ओव्हरटेक करताना तो उशीर चांगलाच जाणवते. आधी इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) पाह्य. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तापलेली हवा आत गेली की पेट्रोल इंजिनात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) सुरू. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), क्लच, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंगचे पैसे बाजूला नसतील तर थांब.

जुनी ऑइल लाइन मात्र वापरूच नको, आतला कार्बन टर्बोच्या नव्या बेअरिंगचा जीव घेते. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात ताजं ऑइल ओत, बोटानं त्याचं चाक फिरव. मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजेक्टरचे कनेक्शन काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत थांबत-थांबत स्टार्टर मार.

अन् उघड्या कोन फिल्टरचा (डब्याबाहेरचा शंकूसारखा एअर फिल्टर) शौक नको बाप्पा! पांदणीची धूळ कॉम्प्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाची) पाती खाते.