धक्क्यावर बसलेला माणूस

प्रश्न : माझे वडील व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांनी आणलेल्या एका कॅसेटवर अमेरिकन गायक ओटिस रेडिंग यांचे ‘द डॉक ऑफ द बे’ हे गाणे आहे. त्यातल्या लाटा खरोखर किनाऱ्यावर ध्वनिमुद्रित केल्या होत्या का? शिवाय, सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातले हे गाणे पॉपच्या यादीत पहिले कसे आले?
— एक वाचक, मालवण

उत्तर : हे गाणे ध्वनिमुद्रित झाले ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मिसिसिपी नदीकाठच्या मेम्फिस शहरात, जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या स्टॅक्स कंपनीच्या स्टुडिओत. त्याची सुरुवात मात्र रेडिंग यांना १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो येथे, पाण्यावरच्या तरंगत्या घरात राहत असताना सुचली होती, आणि पुढे गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांच्या साथीने त्यांनी ते पूर्ण केले. ध्वनिमुद्रणाला काही दिवस होतात न होतात तोच, १० डिसेंबर १९६७ रोजी, त्यांचे विमान विस्कॉन्सिन राज्यातल्या मोनोना तलावात कोसळले. ते अवघे २६ वर्षांचे होते. लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज क्रॉपर यांनी त्यानंतर, मित्राच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना, तयार ध्वनिपरिणामांमधून घेऊन मिसळले. म्हणजे आपण ऐकता ती रेकॉर्ड स्वतः रेडिंग यांना कधीच ऐकायला मिळाली नाही.

मार्च १९६८ मध्ये हे गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या पॉप यादीत पहिले आले आणि चार आठवडे तिथेच राहिले. गायकाच्या निधनानंतर त्या यादीत अव्वल ठरलेले हे पहिलेच गाणे. त्याआधी रेडिंग यांची मजल तिथे २१व्या क्रमांकापलीकडे गेली नव्हती. अपघाताने लोक हळहळले होते हे खरे. तरीही माझ्या मते खरे कारण गाण्यातच आहे. रेडिंग यांची ओळख असलेली आर्त, घसा फोडून घातलेली साद इथे नाही. गिटार संथ चालते, ट्रम्पेट-सॅक्सोफोन मागे राहतात आणि शेवटी शब्द संपून नुसती शीळ उरते.

आणखी एक सांगावेसे वाटते. या ‘डॉक’ला मराठीत गोदी म्हणू नये, धक्का म्हणावे. गोदीत माणूस कामाला जातो. इथला माणूस जॉर्जियातले घर सोडून दोन हजार मैलांवर आला आहे, हाती काहीच लागलेले नाही, आणि तो येणारी-जाणारी जहाजे पाहत बसला आहे. चाकरमान्यांच्या गावात वाढलेल्या आपल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.