पुणे-सातारा-कोल्हापूर सिनेमातून बघायचं, तर नायकाच्या मागे बघा

तुम्ही विचारलंय की पुणे ते कोल्हापूर हा पट्टा सिनेमा आणि मालिकांच्या आधाराने फिरायचा आहे, इतिहासही समजून घ्यायचा आहे, तर आधी कोणते ऐतिहासिक चित्रपट बघावेत. माझं उत्तर इथल्या काहींना रुचणार नाही, पण सांगतो: ऐतिहासिक चित्रपटांपासून सुरुवातच करू नका.

ते बघू नयेत असं नाही. जागा समजायला त्यांचा उपयोग कमी, एवढंच. 'बाजीराव मस्तानी'तला (२०१५) झगमगता शनिवारवाडा हा सेट आहे. खऱ्या वाड्याचं काम १७३० मध्ये सुरू झालं आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. आता उरलेत ते तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंजी. पडद्यावरचा आरसेमहाल डोक्यात घेऊन दिल्ली दरवाजातून आत गेलेला माणूस 'इथे तर काहीच नाही' म्हणत बाहेर येतो. हजारी कारंज्यापाशी दोन मिनिटं थांबायचंही त्याला सुचत नाही. शिवकाळावरच्या मालिकांचंही तेच. २००८ ची 'राजा शिवछत्रपती' कर्जतच्या एन. डी. स्टुडिओतली. मालिका म्हणून चांगली, पण ते दगड प्लास्टरचे.

ज्या सिनेमाला त्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं, तोच खरा कामाचा. त्याने गाव फक्त पार्श्वभूमीला वापरलं, नाव भलतंच दिलं, आणि त्या नादात गाव जसं होतं तसं टिपलं गेलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वाई. 'स्वदेस'मधलं (२००४) उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे वाईजवळचं मेणवली. 'गंगाजल'मधलं बिहारचं तेजपूर याच भागात उभं राहिलं, आणि 'दबंग'चं लालगंजही. वर्षानुवर्षं वाई उत्तरेची सोंगं घेत आली आहे. मुंबईहून सामान एका दिवसात पोचतं, पाचगणीला युनिटच्या राहण्याची सोय होते, ही व्यवहाराची कारणं आहेतच. पण नदीकाठच्या उत्तरेतल्या गावाचं सोंग वाईला इतकं का शोभतं, हे विचारलंत की इतिहास सुरू होतो. कृष्णाकाठच्या या गावाला दक्षिण काशी म्हणतात. पेशवाईत रास्त्यांसारख्या सरदारांनी इथे घाट आणि मंदिरं बांधली. ढोल्या गणपती १७६२ चा. काशीची आठवण व्हावी अशा थाटात सजलेल्या गावात कॅमेऱ्याला गंगाकाठ सापडला, यात मला तरी नवल वाटत नाही.

मेणवलीला मात्र अर्धा दिवस काढा. 'स्वदेस'मधली घाटावरची दृश्यं आदल्या रात्री पुन्हा बघा, आवाज बंद करून. शाहरुखकडे लक्ष नको. पायऱ्या नदीकडे कशा उतरतात, मंदिरं कुठे आहेत, वाड्याची भिंत कुठून सुरू होते, हे बघा. हा वाडा नाना फडणविसांचा. मेणवली त्यांना इनाम मिळालं १७६८ मध्ये, आणि पुढच्या काळात वाडा, घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं मंदिर असा सगळा पसारा उभा राहिला. घाटावर एका छोट्या देवळीत पंचधातूची मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे, ती शोधा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले. त्यांतली ही एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही अशा घंटा आहेत. एवढी मोठी गोष्ट त्या घाटावर लटकलेली असताना बहुतेक लोक 'इथेच शूटिंग झालं' म्हणून सेल्फी काढून निघतात. (अफझलखान वाईचा सुभेदार होता, प्रतापगड इथून जवळच. पण तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम.)

काही चित्रपटांत जागा स्वतःच्याच नावाने येते. 'गांधी'मधला (१९८२) आगाखान पॅलेस खराखुरा आहे. कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई दोघंही तिथेच स्थानबद्धतेत असताना वारले आणि दोघांच्या समाध्या आवारात आहेत. '२२ जून १८९७' हा १९७९ चा मराठी चित्रपट मिळाला तर नक्की बघा. चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली ती गणेशखिंडीच्या रस्त्यावर, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून तो परतत असताना. मेजवानी होती तेव्हाच्या गव्हर्नर बंगल्यात, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. सिनेमा बघून विद्यापीठ चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, की ती वाट निदान निरखून बघाल. नंतर चिंचवडला चापेकर वाडा करा.

कोल्हापूरला वेगळा हिशोब लावावा लागतो, कारण तिथे सिनेमा हाच स्थानिक इतिहास आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बाहेरून मागवला नाही, इथल्या कारागिरीतून स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, तो चुकवू नका. त्यांच्याच तालमीतले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे सीतारामपंत कुलकर्ण्यांसह बाहेर पडले आणि १९२९ मध्ये 'प्रभात' ही चित्रपट कंपनी सुरू झाली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि प्रभात रोड नावाने अजून कंपनीची आठवण काढतो. जयप्रभा स्टुडिओ भालजी पेंढारकरांचा. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत तो जळाला आणि भालजींनी पुन्हा उभा केला.

आगीचा विषय निघालाच आहे तर केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दलही सांगतो. शाहू महाराजांच्या काळातलं हे पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत नाट्यगृहाची मोठी हानी झाली. अशा वेळी कुठल्याशा कार्यक्रमाच्या जुन्या चित्रफितीत मागे दिसणारी कमान किंवा छत अचानक दस्तऐवज होऊन बसतं. घरात जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील तर टाकू नका, डिजिटल करून घ्या. लग्नाच्या असल्या तरी चालतील; वरातीमागे जुनी बाजारपेठ दिसतेच.

मालिकांबद्दल थोडक्यात. 'तुझ्यात जीव रंगला'चा वाडा कोल्हापूरजवळच्या वसगडे गावचा. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडची, फौजेत जाऊ पाहणाऱ्या तरुणाची. ती आवडली असेल तर अपशिंगे मिलिटरी या गावी जा. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात देणारं गाव, पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारकही आहे. मालिकेच्या गावापेक्षा तिथे जास्त वेळ द्यावा असं माझं मत.

जाण्याआधी एक काम करा: जुनी गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, वाचा. मुंबई इलाख्याच्या मालिकेतले पुणे आणि सातारा हे खंड १८८५ चे, कोल्हापूरचा १८८६ चा. इंटरनेटवर फुकट मिळतात. इंग्रजी जड आहे, साहेबाची नजरही आहे, पण घाट किती, देऊळ कोणी बांधलं, बाजार कुठल्या वारी, असली माहिती भरपूर. सिनेमातलं दृश्य थांबवून शेजारी गॅझेटिअरमधलं पान ठेवलं, की काय उरलंय आणि काय गेलंय ते समजतं. कलाविभागाने रंगवलेली पाटी कोणती आणि मूळची भिंत कोणती, हेही हळूहळू ओळखू यायला लागतं.

आणि वाडे हे कोणाची तरी घरं असतात. मेणवलीचा वाडाही खाजगी आहे. दारात कोणी दिसलं तर आधी विचारा, आणि 'शूटिंग कुठे झालं?' याऐवजी 'वाडा कोणाचा?' असं विचारून बघा, लोक जास्त मोकळेपणाने बोलतात. घाट बघायचा तर पावसाळा संपल्यावर जा. कृष्णेला पाणी चढलं की खालच्या पायऱ्या दिसत नाहीत.