जामीन मंजूर होऊनही आदिवासी आरोपी तुरुंगातच का राहतो? सरकार त्यांना फुकट वकील देतं ना?

देतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता वकील मिळतो. जामीनदार मिळत नाही. तुमचा प्रश्न तिथेच अडतो.

२०१९ ला माझा चुलतभाऊ, वय १९, दिंडोरीकडे द्राक्षकाढणीला गेला होता. मळ्यातली मोटारीची केबल चोरीला गेली आणि पोलिसांनी झोपड्यांतून तीन पोरं उचलली, तिन्ही आमच्या पेठ तालुक्यातली. आठवड्यात १५ हजारांचा जामीन झाला. त्यानंतर तो ४२ दिवस नाशिकरोडच्या जेलात होता.

जामीनदाराचा सातबारा हवा. काका कसतात ती जमीन फॉरेस्टची, वनहक्काचा दावा पडून. आजोबांच्या सातबाऱ्यावर ११ वारस, त्यातले निम्मे मजुरीला बाहेर. काका पहाटेच्या एसटीने नाशिकच्या सीबीएस स्थानकावर उतरायचे. युरियाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद मांडीवर घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसायचे आणि काळा कोट दिसला की उठून उभे राहायचे. बाहेर भाड्याचा जामीनदार ५ हजार मागत होता.

माझा थोरला भाऊ सरकारी नोकरीत. त्याचं पगारपत्रक चाललं असतं. मी तेव्हा शिकत होतो, माझ्या सहीला किंमत नव्हती. दादा म्हणाला, "नोकरीवर येईल. त्याला गुन्हा कबूल करू दे, भोगलंय तेवढ्यात सुटेल." मी काकांना तसं करू दिलं नाही. शेवटी गावातल्या एका गुरुजींनी सही केली.

कोणी असं अडकलं असेल तर रक्कम कमी करा, रोख भरू द्या किंवा जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडा, असा अर्ज वकिलाला करायला लावा. १९७८ च्या मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका गवंड्याचा १० हजारांचा जामीन १ हजारावर आणला, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारणंही चूक ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेशही दाखवा: महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करता येतील का, हे कोर्ट स्वतःहून बघू शकतं. आमच्या वेळी तो आदेश नव्हता, पण मोतीराम होता. आमच्या फुकटच्या वकिलाने तो काढलाच नाही.

आणि सुटायचं म्हणून न केलेला गुन्हा कबूल करू नका. कोणी घरचं सांगत असेल तरी नाही. (खून, पोक्सोसारख्या गुन्ह्यांचं गणित वेगळं, तिथे मी बोलणार नाही. आणि जामीनदाराचा जाच प्रत्येक गरिबाला आहे. आमच्याकडे जमीनच नावावर नसते, म्हणून तो जास्त.)

२०२२ ला तिघेही निर्दोष सुटले. चुलतभावाने आता पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. 'शिक्षा झाली आहे का' यापुढे त्याने 'नाही' लिहिलं. दादा, तू हे वाचत असशील तर तो फॉर्म माझ्याकडे आहे, येऊन बघ.