उत्तर: प्रशिक्षणाला जा, पण लेकीला घेऊन आणि फॉर्म कोरा ठेवून

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दिव्यांग लेक 19 वर्षांची, 18 पूर्ण झाल्यावर शाळेनं हात वर केले. आता एका संस्थेनं 'व्यक्तिकेंद्रित नियोजना'च्या, म्हणजे दिव्यांग माणसाला स्वतःला काय हवंय ते धरून त्याचं पुढचं ठरवण्याच्या, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलंय आणि आठ पानी फॉर्म 'घरून भरून आणा' म्हणून दिलाय. जावं का, असं तुम्ही विचारलंय. पेन उचललं असेल तर खाली ठेवा. असाच फॉर्म मी एका रात्रीत भरला होता, त्यात भावाची दोन वर्षं गेली.

धाकटा भाऊ, आता 41 चा, बौद्धिक अक्षमता. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र), निरामय (आरोग्य विमा) वगैरे तुमचं झालेलंच असेल, त्यात शिरत नाही. त्याचे बोलायचे शब्द दहा-बारा. आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली, शेजार सगळा तेलुगू, त्यामुळं त्यातले तीन-चार तेलुगूच. 'नको'ला तो 'वद्दु' म्हणतो.

नियोजनाची बैठक शहरातल्याच एका संस्थेत झाली, नाव घेत नाही. टेबलाभोवती आम्ही सहाजण, भाऊ कोपऱ्यात. बाहेरगावच्या मॅडमनी कागदी पिशवी दाखवून विचारलं, हे काम करशील का? तो दोनदा म्हणाला, 'वद्दु.' मॅडमना कळलं नाही. मला कळलं होतं. मी गप्प बसलो, कारण संस्थेत जागा एकच शिल्लक होती आणि ती हातची जाऊ द्यायची नव्हती. वर फॉर्मात 'सहभाग' या रकान्यात माझ्याच हातानं लिहिलं, 'सहकार्य करत नाही.' 'आवड' मध्ये लिहिलं, बसून करायची कामं. संस्थेत तीच होती, पिशव्या आणि मेणबत्त्या. आईला मी नेलंच नव्हतं, तिला फॉर्मातलं काय कळणार म्हणून. ती असती तर तिथंच उठून त्याला घरी घेऊन आली असती.

पुढं काय झालं, तर डबा तसाच परत यायचा. मनगट चावून चावून काळं पडलं. दर तिमाहीच्या आढाव्यात उद्दिष्ट मात्र वाढत गेलं, पिशव्या 20 वरून 30. बदल मागायला एका कार्यालयात गेलो, तर साहेब म्हणाले, "त्याला काय विचारायचं? तुमची सही आहे की." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाचा अर्थच मुळी त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे, त्याच्यासोबत घेतलेला निर्णय असा आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, साहेबांना माहीत असायला हवं होतं. असो, रक्तदाब वाढतो.

पुढं दुसऱ्या गावी याच नियोजनाचं एक प्रशिक्षण केलं. तिथं पहिलाच प्रश्न आला, मागच्या आठवड्यात त्याचा कुठला दिवस चांगला गेला आणि कशामुळं? माझ्याकडं फक्त गोळ्यांच्या वेळा होत्या! ही पद्धत 1980 च्या दशकात अमेरिका-कॅनडात रुजली, माणसं मोठ्या संस्थांमधून बाहेर वस्तीत राहायला येत होती त्या काळात. तिथं पगारी मदतनीस असतात, आपल्याकडं चुलता आणि शेजारी, म्हणून त्यांचे तक्ते जसेच्या तसे उतरवू नका. दोन रकाने मात्र घ्या: 'त्याला हवंसं' आणि 'त्याच्या भल्याचं'. आपण पालक दुसराच भरतो आणि पहिल्यातही तेच लिहून मोकळे होतो.

पंधरा दिवस वही ठेवली, आईनं सांगायचं, मी लिहायचं. सकाळी शेजारचे साचे, म्हणजे यंत्रमाग, सुरू झाले की हा भिंतीला तळवा लावून उभा राहतो, हे आईला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. आता चुलत्याच्या कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालतो. मोजता येत नाही, पण काठाला काठ असा जुळवतो की बघत राहावं. भल्याच्या रकान्यात एकच ओळ, साच्यांच्या खोलीत जायचं नाही. दोन तासांनी त्यानं चप्पल घातली की घरी आणायचं. एवढाच प्लॅन, अर्ध्या पानाचा.

मी प्रशिक्षक नाही, वकील नाही, तुमच्या लेकीचं वेगळं असेल. तरी माझं मत ठाम आहे: संस्थेला फोन करून विचारा, लेक दोन्ही दिवस खोलीत बसली तर चालेल का? 'फक्त पालक' म्हणाले तर मी तरी गेलो नसतो. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलत असाल तर तेही आधी सांगा.

आणि तारीख जानेवारीतली असेल तर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, बघून घ्या. संक्रांतीला सात नंदीध्वजांची (सजवलेल्या उंच काठ्यांची) मिरवणूक निघाली की रस्ते बंद असतात, रिक्षा मिळत नाही. आम्ही तर त्या दिवसांत कुठंच जात नाही, वहीत 'हवंसं' खाली पहिली नोंद गड्ड्याचीच आहे.