वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कोणतं प्रोटीन पेय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंची स्लीव्ह शस्त्रक्रिया (पोटाचा मोठा भाग काढून नळीसारखं पोट ठेवतात ती) होऊन दहा-बारा दिवस झालेत, त्या शाकाहारी आहेत, मधुमेह आहे. डाएटिशियनने रोज ६० ग्रॅम प्रोटीन लिहून दिलंय. दुकानदाराने ‘अशक्तपणा जाईल’ म्हणत मास गेनरचा डबा पुढे केला, आणि घरात असलेल्या व्हॅनिला पावडरच्या नुसत्या वासानं आईंना मळमळतंय. तर कोणता ब्रँड घ्यावा?

मी डॉक्टर नाही. माझी स्वतःची गॅस्ट्रिक बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया) झालेली आहे आणि आमच्या हॉस्पिटलच्या पेशंट ग्रुपमध्ये हाच प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून लिहिते आहे. ब्रँड सांगणार नाही. एका कंपनीचे तीन डबे तीन तऱ्हेचे असतात, आणि मला जे पचलं ते आईंना पचेलच असं नाही. डबा उलटा करून काय वाचायचं ते सांगते, म्हणजे तुमचं तुम्हालाच निवडता येईल.

आधी त्या मास गेनरचं. पोटाचा पाऊण हिस्सा वजन उतरावं म्हणून काढून टाकलेल्या बाईला वजन वाढवायची पावडर विकायची, हे आपल्याकडचे दुकानदारच करू जाणे. त्या डब्यात बहुतांश माल भरतो तो माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या, साखरेइतक्याच झटपट रक्तात जाणाऱ्या कर्बोदकांचा. लेबलवर ‘साखर’ या ओळीत तो दिसत नाही, ‘कर्बोदके’ या ओळीत दिसतो. मधुमेही माणसाला हे सरळसरळ नको. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी आणि आजारपणातून उठलेल्यांना देतात ती ‘संपूर्ण पोषणाची’ पेयंही याच कारणासाठी आईंच्या कामाची नाहीत. ती वाईट आहेत असं नाही. पण त्यात प्रोटीन कमी आणि बाकीचं जास्त असतं, आणि आईंच्या पोटात बाकीच्याला जागाच नाही.

जागेचा हिशेब नीट समजून घ्या, कारण नातेवाईकांना तोंड द्यायला तोच कामी येईल. स्लीव्हनंतर पोटाची नळी उरते, तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलीलिटरच मावतं, आणि तेही घोटघोट घेतलं तर. गाईच्या १०० मिली दुधात साधारण ३.२ ग्रॅम प्रोटीन असतं. नुसत्या दुधावर ६० ग्रॅम गाठायचे तर जवळपास दोन लिटर दूध प्यावं लागेल, आणि दिवसभराचं दीड लिटर पाणी वेगळंच. वरणाच्या पाण्याचं तर विचारूच नका. कढणात दोन मोठे चमचे, म्हणजे वीसेक ग्रॅम मुगाची डाळ गेली असेल तर सगळी डाळ घोटून पोटात गेली तरी ५ ग्रॅमच्या आतच प्रोटीन मिळतं. गाळून दिलं तर त्याहूनही कमी. शहाळ्याच्या पाण्यात जवळजवळ शून्य. ‘आमच्या वेळी कुठं होत्या पावडरी’ असं म्हणणाऱ्या मावशींना हा हिशेब सांगा. त्यांच्या वेळी पोट अख्खं होतं.

इथं एक गोंधळ होतो. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं म्हटलं होतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत तुमच्यापर्यंतही येईल. तो सल्ला चारी ठाव जेवणाऱ्या निरोगी माणसाला आहे. आईंचं सध्या दिवसाचं एकूण खाणंच सहा-सातशे कॅलरींच्या आसपास असेल. अशा वेळी प्रोटीन कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळायला लागतं, जखम भरायला वेळ लागतो आणि जिना चढताना पायात बळ राहत नाही.

आता डबा उलटा करा. पहिला आकडा ‘प्रति १०० ग्रॅम प्रोटीन’. स्कूपचा आकडा नंतर बघा, कारण कुणाचा स्कूप ३० ग्रॅमचा, कुणाचा ५० चा, आणि काही कंपन्या तर ‘२०० मिली दुधासह’ असं बारीक अक्षरात लिहून दुधाचं प्रोटीनही आपल्याच खात्यात जमा करतात. १०० ग्रॅममध्ये ७५-८० च्या पुढे असेल तर ठीक. ३०-३५ असेल तर बाकी ६५ ग्रॅम काय आहे ते शोधा. मग कर्बोदकं आणि साखर बघा: एका वेळच्या मात्रेत साखर ५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. बायपासवाल्यांना जास्त साखर एकदम गेली की घाम, धडधड, पोटात मुरडा, चक्कर असं सगळं एकत्र होतं, त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये ते तुलनेनं कमी होतं, पण होतं. साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल घातलं असेल तर गॅस आणि जुलाब होऊ शकतात. स्टीव्हिया, सुक्रालोज यांनी सहसा तसं होत नाही.

किंमतही याच आकड्यावरून काढायची. समजा, ४०० ग्रॅमचा डबा साडेसातशेला आहे आणि त्यात ३० टक्के प्रोटीन आहे. म्हणजे डब्यात १२० ग्रॅम प्रोटीन, ग्रॅममागे सव्वासहा रुपये. दुसरा डबा एक किलोचा, तीन हजारांचा, ८० टक्क्यांचा. त्यात ८०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे पावणेचार रुपये. दुकानात मात्र दुसरा डबा बघून आपले डोळे पांढरे होतात आणि पहिला पिशवीत पडतो.

घटकांच्या यादीत पहिलं नाव काय आहे ते बघा, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. ‘व्हे प्रोटीन आयसोलेट’ पहिलं असेल तर उत्तम: दुधाच्या निवळीपासूनच केलेलं, पण त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नावापुरतं उरतं. ‘कॉन्सन्ट्रेट’ स्वस्त असतं, त्यात लॅक्टोज जास्त. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, आयुष्यभर दूध पचवलेल्या माणसालाही दुधानं पोट फुगायला लागू शकतं. तसं होत नसेल तर कॉन्सन्ट्रेटवर पैसे वाचवा. ‘हायड्रोलाइज्ड’ म्हणजे आधीच तोडलेलं प्रोटीन. ते कडवट लागतं आणि महागही असतं, साध्या केसमध्ये त्याची गरज नाही. दूध अजिबात सोसत नसेल तर सोया आयसोलेट चांगलं. कोलाजेनची पाकिटं सध्या केस आणि त्वचेच्या नावानं जोरात विकली जातात, त्यांना ६० ग्रॅमच्या हिशेबात धरू नका: कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच नसतं. शिवाय ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांपासून बनतं, तेव्हा शाकाहारी घरात तो प्रश्न तिथंच संपतो. हिरवा ठिपका बघायची सवय आपल्याला आहेच, ती डब्यावरही वापरा.

यादीत ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन अशी नावं वेगळी दिसली तर डबा जागेवर ठेवा. प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक आकड्यानं गुणणं. स्वस्तातली सुटी अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि लेबलवरचं प्रोटीन फुगतं. हे काल्पनिक नाही. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या एका गटानं भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा जवळपास ७० टक्के पावडरींमध्ये लेबलवरचा आकडा आणि आतला माल जुळला नाही. ‘फॅट बर्नर’, ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया असं काही मिसळलेलं तर नकोच. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अशा अर्कांबाबत आहेत. घ्यायची ती साधी, लहान यादीची पावडर, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असलेली, मेडिकलमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून. जिमच्या ट्रेनरनं दिलेली सुटी पुडी नको.

आता खरा अडसर, वास. शस्त्रक्रियेनंतर काही महिने जिभेचं आणि नाकाचं सगळंच बदलतं. गोड असह्य होतं, कालपर्यंत आवडणारा चहा नकोसा होतो. आईंचं व्हॅनिलाशी वाकडं आलं यात त्यांचा हट्ट नाही. आणि आपली बाजारपेठ सगळी चॉकलेट, व्हॅनिला, कुल्फीची! त्यामुळे माझा आग्रह बिनचवीच्या पावडरीचा. ती लहान पाकिटात मिळते का बघा, एकदम दोन किलोचा डबा नको. बिनचवीची पावडर तिखटामिठाच्या पदार्थात जाते, आणि आपल्या स्वयंपाकघरात पातळ खारे पदार्थ काय कमी आहेत? जिरं-हिंग घातलेलं ताक, मुगाचं कढण, बिनसाखरेचं टोमॅटोचं सार, दुधी भोपळ्याचं गाळलेलं सूप. तिखट अर्थातच सध्या बेतानं.

यातली एकच खोच: उकळत्या पदार्थात पावडर टाकली की ती फुटते, दाणेदार होते. प्रोटीन वाया जात नाही, पण ते आईंच्या घशाखाली उतरणार नाही. वाटीत थोड्या गार पाण्यात चमच्यानं पेस्ट करा, कढण पिण्याइतकं कोमट झालं की त्यात ढवळा. शेकरमध्ये हलवलंत तर फेस बसेपर्यंत दहा मिनिटं थांबा. त्या फेसातली हवा पोटात गेली तर दोन घोटांतच पोट गच्च होतं. याच कारणानं बरीच हॉस्पिटलं स्ट्रॉ वापरू नका सांगतात.

आंबट-गार चालत असेल तर अलीकडे सरबतासारखी पारदर्शक होणारी व्हे पावडर मिळते, लिंबाच्या चवीची वगैरे. दुधाळ वास नकोसा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची गाडी तिच्यावर चालते. आणि आयतं हवं असेल तर अमूलचं हाय प्रोटीन ताक आहे, २०० मिलीच्या पाकिटात १५ ग्रॅम प्रोटीन. प्रवासात किंवा फॉलोअपला हॉस्पिटलच्या बाकावर ताटकळताना ते सोयीचं पडतं. ते पाकीट एका दमात संपवायचं नाही, तास-दीड तास पुरवायचं. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ३० मिलीचं झाकण घ्या आणि पंधरा मिनिटांत एक झाकण असा वेग ठेवा, तोही आईंना झेपेल तसा कमी-जास्त.

पहिल्याच आठवड्यात ६० गाठले नाहीत म्हणून घाबरू नका, आईंच्या मागेही लागू नका. आधी पाणी, मग प्रोटीन. ४० वरून ५०, मग ६० असं चढत जाऊ दे. संकष्टी आली आणि त्या म्हणाल्या ‘आज उपास’, तर व्हे म्हणजे दूधच, उपासाला चालतं असं सांगून मोकळे व्हा. कडकडीत उपास मात्र सध्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, मधुमेहाची औषधं सुरू असताना तर नाहीच. शस्त्रक्रियेनंतर साखर झपाट्यानं उतरते, गोळ्यांचा डोस तज्ज्ञांकडून पुन्हा ठरवून घ्यायला लागतो.

पुढं मऊ आणि मग घट्ट जेवण सुरू झालं की पावडर मागं हटली पाहिजे. पनीर १०० ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम प्रोटीन देतं. दही, घट्ट वरण, सोयाबीनच्या वड्या, आणि घरात चालत असतील तर अंडी. ताटात आधी हे खायचं, भात-पोळी शेवटी. पेय जेवणाबरोबर नको, आधी-नंतर अर्धा तास सोडून. वर्षभरानंतरही जेवणाखेरीज दोन-तीन शेक पिणाऱ्यांचं वजन परत चढताना मी पाहिलंय, कारण पातळ पदार्थ त्या नळीतून सरकून जातो, पोट भरल्याचं कळतच नाही.

आईंचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळायला लागतील, बहुतेकांचे गळतात. झपाट्यानं वजन उतरल्याचा तो परिणाम असतो आणि सहसा काही महिन्यांत थांबतो. त्या घबराटीत बायोटिनच्या नावाचे नवे डबे आणू नका. प्रोटीन, लोह आणि झिंक पुरेसं जातंय का ते तपासून घ्या.

दोन ठिकाणी मात्र माझं किंवा कुणाचंही ऑनलाइन उत्तर वाचत बसू नका. एक, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा उलट्या सुरूच राहिल्या तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. अशा उलट्यांत बी१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि त्याचा फटका मेंदूला आणि नसांना बसतो. दुसरं, आईंचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर ६० हा आकडाही किडनीच्या डॉक्टरांना दाखवूनच पाळायचा.

आणि गोळ्यांच्या वेळा: दुधाच्या पावडरीत कॅल्शियम असतं, ते लोहाला अडवतं. लोहाची गोळी आणि शेक यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच, आणि चहाही लोहापासून लांबच. पुढच्या फॉलोअपला अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्या लिहून मागा, आणि जी पावडर ठरेल तिच्या मागच्या बाजूचा फोटो डाएटिशियनला आजच पाठवून ठेवा.